बालीगंजमधली नऊ फुटी गल्ली

आधीच सांगून टाकते, "ही खेळणी कोणासाठी?" असं कोणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझ्यासाठी. मी साठीला टेकलेली बाई आहे, मला नातवंडं नाहीत, आणि प्लास्टिकच्या विटांच्या इमारती मी स्वतःसाठी बांधते. कोणाच्या बापाचं काय जातं?

हळदीकुंकवाला कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका घरी आल्या की पहिला प्रश्न हाच. मग टेबलाभोवती एक फेरी, मग "अगंबाई, आत जिनासुद्धा आहे!" आणि शेवटी वाण घेऊन निघताना, "वेळ बरा जातो नाही तुमचा." अहो, वेळ जात नाही. तो मी घालवते, मुद्दाम, माझ्या मर्जीने. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

माझी गल्ली नऊ फूट लांब आहे. आमच्या बालीगंजच्या घरमालकीणबाईंच्या गच्चीवर दोन जुने दरवाजे पडले होते, सुताराकडून लाकडी घोडे करून घेतले आणि ते त्यांवर आडवे टाकले. झालं टेबल. त्यावर अकरा इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. न्हाव्याचं दुकान, छत्र्यांचं दुकान, त्याच्यावर पियानो शिकवणाऱ्या बाईंची खोली, कोपऱ्यावर बेकरी. प्रत्येक मजला वेगळा उचलता येतो, आत पलंग आहे, चूल आहे, संडाससुद्धा आहे. आमच्यात यांना मॉड्युलर म्हणतात, कारण एक इमारत दुसरीला बरोबर जोडली जाते, फुटपाथाला फुटपाथ लागतो आणि गल्ली लांबत जाते. रस्त्यातला ट्रामचा रूळ मात्र कुठल्या खोक्यात आला नाही, तो मी स्वतःच्या डोक्याने बसवला.

ही गल्ली उभी राहणार की माळ्यावर जाणार, एवढ्या एका गोष्टीवरून गेल्या वर्षी माझं आणि नवऱ्याचं जे झालं ते सांगते. समोर मी त्याला अहोजाहो करते. कागदावर करणार नाही.

नवरा सरकारी बँकेत अधिकारी होता. लग्न झाल्यापासून सात बदल्या, कोलकाता सातवी. बदलीचा कागद आला की आमच्या घरात एक वही बाहेर निघते, नगांची वही. प्रत्येक खोका म्हणजे एक नग. खोक्याला चहूबाजूंनी चिकटपट्टी, वहीत नगाच्या नंबरापुढे आतल्या सामानाची यादी, आणि काळ्या मार्करने खोक्याच्या सहाही बाजूंवर तो नंबर. हो, सहाही. तळालासुद्धा. हमाल खोका कसाही ठेवतात, नंबर दिसला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. या पद्धतीचा त्याला केवढा अभिमान! बँकेतल्या धाकट्या अधिकाऱ्यांची बदली झाली की ते वही बघायला आमच्याकडे यायचे आणि मी त्यांना पोहे करून घालायचे. एवढ्या बदल्यांत आमचा एक चमचा हरवला नाही, असं तो चारचौघांत सांगतो.

चमचा नाही हरवला. जबलपूरला माझी वाजवायची पेटी राहिली. राजकोटला हातमाग राहिला, त्यावर अर्धी विणलेली सतरंजी तशीच होती. कोइम्बतूरला तर नोकरीच राहिली, एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायला लागून मला दोन वर्षं झाली होती. यातलं काहीच हरवलं नव्हतं, त्याला नंबर मिळाला नव्हता इतकंच. आधी कपाट, पलंग, फ्रिज. मग लेकीची पुस्तकं. मग निरोप समारंभांत मिळालेल्या चांदीच्या ताटल्या आणि काचेची स्मृतिचिन्हं, ती तर कापसात गुंडाळून. आणि मग, "ट्रक भरला गं, तुझं पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी ट्रक तेवढाच असायचा. मी मूग गिळून गप्प बसायचे. आता मला त्याच्या ट्रकापेक्षा माझ्या गप्प बसण्याचा जास्त राग येतो.

विटा माझ्या घरी आल्या त्या एका तागाच्या पोत्यातून. कोलकात्यात येऊन वर्ष झालं असेल. बजबजला तेलाच्या डेपोत काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याची बदली झाली होती, त्यांच्या बायकोला शिलाईमशीन विकायचंय असं मंडळात कळलं. लोकल पकडून गेले. मशीन काही पटलं नाही. दाराशी एक पोतं उभं होतं, त्यात हे रंगीबेरंगी तुकडे. मुलगा कॉलेजला गेला, आता कोण खेळणार, असं त्या म्हणाल्या. "ले जाइए, ट्रक में जगह नहीं है." हे वाक्य त्यांच्या तोंडातून इतकं सवयीने आलं की मला आमचाच ट्रक आठवला. पैसे विचारले, त्या घेईनात. मी पोतं उचललं आणि रिक्षात टाकलं. शिलाईमशीन आणायला गेलेली बायको खेळण्यांचं पोतं घेऊन आली, म्हणून नवरा आठवडाभर हसत होता. "तुझी बालवाडी" हे नाव तेव्हापासूनचं.

तुकडे टबात साबणाच्या पाण्यात धुतले, गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातले. आधी रंगांप्रमाणे निवडले. सगळे नवशिके हीच चूक करतात. काळ्यांच्या ढिगात एक विशिष्ट काळा तुकडा शोधायला बसलात की कळतं काय मूर्खपणा केलाय ते. निवडायचं ते आकाराने. जन्मभर तांदूळ निवडलेल्या बाईला एवढं उमगायला दोन दिवस लागले, पण मग त्या ढिगातून एक अख्खी तीन मजली इमारत निघाली, तळाला न्हाव्याचं दुकान. फक्त दोन तुकडे कमी. शेवटचं कौल मी बोटाने दाबलं तेव्हा टक् असा आवाज झाला. मला तो इतका आवडला की मी ते कौल काढून पुन्हा बसवलं. सांगायला लाज कसली? चार वेळा बसवलं.

तिचा फोटो मी नेटवर टाकला आणि त्यावरून बराकपूरचे एक दातांचे डॉक्टर बघायला आले. बंगाली गृहस्थ, माझ्याच वयाचे, मला पहिल्या मिनिटापासून बौदी म्हणायला लागले, म्हणजे वहिनी. हात पाठीमागे बांधून, वाकून, न्हाव्याच्या आरशापर्यंत सगळं त्यांनी डोळ्यांनी तपासलं. जातिवंत संग्राहक दुसऱ्याच्या इमारतीला हात लावत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. हा सेट बनवणं केव्हाच बंद झालंय, म्हणाले, आणि घ्यायची किंमत सांगितली. मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, हाच बंद खोक्यात असता तर चौपट दिले असते.

मी विकली नाही. पण डोळे उघडले ते उघडले.

त्यानंतर घरखर्चातून वाचवलेल्या पैशांत मी जोडीने घ्यायला लागले, एक खोका फोडायला आणि एक ठेवायला. एकेक इमारत काही वर्षं बनते आणि मग बंद होते. आमच्यात याला सेट रिटायर झाला असं म्हणतात. त्यावरचे सगळे विनोद नवऱ्याने करून झालेत, तुम्ही करू नका. कुठली इमारत कधी बंद होणार हे आधी कोणी सांगत नाही, ते ताडायचं. दुकानात सवलत मिळायची थांबली, परदेशातल्या साइटवर माल थोडाच उरलाय असं दिसायला लागलं, की कान टवकारायचे. दर रविवारी माझ्या टेबलाभोवती आमची पाच जणांची बैठक बसायची. डॉक्टर, एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, दोन संगणकवाले आणि मी. तिथे या ताडण्यावरून जी हमरीतुमरी व्हायची ती शेअर बाजारात होत नसेल. माझा स्वतःचा एक ठोकताळा होता. ज्या इमारतीत कोणीतरी राहतं, म्हणजे आत पलंग आहे, चूल आहे, दोरीवर कपडे वाळत घातलेत, तिच्यावर लोकांचा जीव बसतो आणि ती बंद झाली की ते हळहळतात. नुसतं ऑफिस असेल, बँक असेल, तर कोणी विचारत नाही. डॉक्टर मनापासून हसले होते. छत्र्यांच्या दुकानाने त्यांचं हसू बंद केलं. त्याचे मी तीन जास्तीचे खोके घेऊन ठेवले होते, ती इमारत बंद झाली आणि वर्षभरात दोन तिपटीने गेले. एकदा मी सपशेल तोंडावरही आपटले. अग्निशमन केंद्राचे चार घेतले आणि ते मेलं अजून दुकानात मिळतंय, तेही सवलतीत.

छत्र्यांचे पैसे माझ्या खात्यात आले. माझ्या एकटीच्या. कोइम्बतूरच्या पगारानंतर हे पहिल्यांदा घडत होतं. बँकेचा मेसेज मी दिवसभर परत परत उघडून वाचला.

आता बंद खोका सांभाळणं म्हणजे काय हे इथल्या हवेत राहिल्याशिवाय कळायचं नाही. पुठ्ठ्यावर बुरशीचा एक ठिपका पडला, एखादा कोपरा चेपला, की भाव उतरला. ठेवणाऱ्याला आतल्या विटांपेक्षा बाहेरचा कोरा करकरीत पुठ्ठाच जास्त मोलाचा. मी भिंतीपासून वीतभर लांब लाकडी मांडणी केली, सुती साड्यांचे पडदे लावले. बुटांच्या नि औषधांच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या निघतात ना, त्या मंडळातल्या सगळ्या बायका माझ्यासाठी जमवायच्या. कशासाठी ते कोणी विचारलं नाही, माझं डोकं फिरलंय हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पावसाळ्यात दर शनिवारी एकेक खोका उतरवून कोरड्या फडक्याने पुसायचा. असे बावीस खोके झाले.

मग नवरा निवृत्त झाला. पुण्यात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तिथे जायचं हे ठरलेलंच. म्हणजे कोणी ठरवलं ते मला आठवत नाही. बँक शेवटचा एक ट्रक देते. वही बाहेर निघाली, आणि जेवणाच्या टेबलावर पुण्याच्या फ्लॅटचा नकाशा पसरला गेला. दुसऱ्या बेडरूममध्ये लेक-जावई येतील तेव्हासाठी पलंग, आणि समोरच्या भिंतीला ताटल्यांचं नि स्मृतिचिन्हांचं काचेचं कपाट.

"आणि गल्ली?" मी विचारलं.

"सुटी करून पिशव्यांत भर की. माळा चांगला मोठा आहे."

"माळ्यावर टाकायला नाही बांधली मी."

"मग काय डोक्यावर ठेवायची?"

"ते माझं मी बघते," मी म्हटलं. आणि बघितलंही. पुण्यातल्या आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर एक छोटा गाळा भाड्याने मिळत होता. नऊ फुटांचं टेबल आरामात मावलं असतं, शिवाय दोन खुर्च्या. अनामत मात्र अशी मागितली की ऐकून माझे डोळे पांढरे झाले. मग मी डॉक्टरांना फोन केला. बावीसच्या बावीस खोके एकदम घ्याल का? ते म्हणाले, हो. भाव ठरला. अनामत भरून वर थोडे उरत होते. रविवारी ते न्यायला येणार होते. हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं होतं, नाही असं नाही. पण माझं बोलणं तो ऐकतो ते वर्तमानपत्राच्या आडून, आणि "हं" म्हणतो. त्या "हं"वर मी विसंबले, हीच माझी चूक.

शनिवारी सकाळी मी गडियाहाटच्या बाजारात पिशव्या घ्यायला गेले. दोन तासांत परत आले. पाहते तर नवरा बनियनवर जमिनीवर बसलाय, कपाळाला घाम, कानामागे मार्कर, आणि माझे बावीस खोके ओळीने मांडलेले. प्रत्येकाला चहूबाजूंनी तपकिरी चिकटपट्टी. प्रत्येकाच्या सहाही बाजूंवर ठळक काळा नंबर.

"बघ," तो म्हणाला. "या वेळी तुझं सामान पहिलं. नग एक ते बावीस, सगळं तुझं. कपाटबिपाट मागून."

त्याचा चेहरा असा फुलला होता! मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पस्तीस वर्षं मला तो नंबर एक हवा होता, आणि मिळाला तो असा. छत्र्यांच्या दुकानाच्या उरलेल्या खोक्यावर, दुकानाच्या दाराच्या चित्रावरच, हा ढब्बू एकचा आकडा. मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. त्याला वाटलं आनंदाने रडतेय. मेल्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. खाली घरमालकीणबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला, एवढं सांगते. तो आधी चिडला, मग गोंधळला, मग कापूस आणि स्पिरिट घेऊन बसला. नंबराबरोबर पुठ्ठ्याचा रंगही निघून आला, चित्राच्या जागी पांढरा डाग. दुसऱ्या खोक्याची चिकटपट्टी ओढली तर कंपनीचं सीलच उपटून हातात आलं. "राहू द्या," मी म्हटलं. "हात लावू नका आता."

"मला काय माहीत, खोक्यालाच किंमत असते म्हणून?"

"सहा वर्षं सांगतेय मी."

त्याने स्पिरिटच्या बाटलीला झाकण लावलं.

रविवारी डॉक्टर आले. बराकपूरहून सियालदा, तिथून बालीगंज, मग चालत, बरोबर दहाला. खोके पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बौदी, ये क्या हुआ?" नवऱ्यानेच सांगितलं, खाली बघून. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, ठेवणारा आता हे कोणी घेणार नाही, फोडून बांधणारा घेईल, तेव्हा निम्मेच देता येतील. मला ते मान्यच होतं. त्यांच्या जागी मीसुद्धा निम्मेच दिले असते.

नवरा कानापर्यंत लाल झाला होता. आपल्या हातून नुकसान झालंय हे त्याला आता कळलं होतं आणि ते भरून काढायची त्याला घाई झाली होती. वाईट माणूस नाही तो. पण घाईत त्याला काय सुचावं? माझ्या टेबलाकडे हात करून तो डॉक्टरांना म्हणाला, "डॉक्टरसाब, ये पूरी गली भी ले जाइए. सब मिलाके पुरानी कीमत दे दीजिए."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"गल्ली विकायची नाही," मी म्हटलं. मराठीत. डॉक्टर समोर आहेत याची मला काही पर्वा नव्हती.

"अगं, नाहीतरी सुटी करून माळ्यावरच जाणार ना? निदान पैसे तरी पूर्ण होतील. तुझेच पैसे."

"माळ्यावर जायची नाही आणि विकायचीही नाही. माळ्यावर तुमच्या ताटल्या टाका."

"ताटल्यांचा काय संबंध?"

"संबंध? प्रत्येक ट्रकात त्या कापसात गुंडाळून आल्यात. माझी पेटी आली का? माग आला? शाळा आली? तेव्हा मी तोंड उघडलं नाही हा माझा गाढवपणा, पण आता उघडलंय. या टेबलावरची एक वीट हलली तर बघा."

"तू खेळण्यांसाठी भांडतेयस," तो म्हणाला. हळू आवाजात, अगदी खरंच आश्चर्य वाटून.

"हो," मी म्हटलं. "खेळण्यांसाठीच भांडतेय. मग?"

डॉक्टर तोवर हात पाठीमागे बांधून बेकरीच्या खिडकीत डोकावत उभे होते, जणू आम्ही दोघं खोलीत नाहीच. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "टेबल नहीं ना, बौदी?" नाही, म्हटलं. त्यांनी खाली जाऊन एक टेम्पो ठरवला, बावीस खोके चढवले आणि निम्मे पैसे माझ्या खात्यात पाठवून गेले.

दुपारी मी टेबलापाशी बसून विचार केला. निम्म्यात पुण्याच्या गाळ्याची अनामत काही निघत नव्हती. त्यावर पाणी सोडायचं. पण निम्म्यात आणखी काय येतं? बालीगंजचं हे जुनं घर, लाल फरशी, गळका नळ, खिडकीची एक झडप कायमची अडकलेली. याचं भाडं पुण्याच्या मानाने काहीच नाही. दीड वर्षाचं सहज निघत होतं. मी पदर खोचला आणि खाली गेले.

घरमालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या, त्यांना सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणतात तसं मीही म्हणते. माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत सांगितलं, नवरा जातोय, घर मला ठेवायचंय, माझ्या नावावर. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "एका थाकबे?" एकटी राहणार? हो, म्हटलं. त्यांनी पानाचा विडा लावून तोंडात टाकला. मग म्हणाल्या, भाडं तेच, पण रंग लावून मिळणार नाही, आणि टेबलाचे ते दरवाजे माझे आहेत हे विसरू नकोस.

नवऱ्याला मी सांगितलं, "तुम्ही ट्रकाबरोबर पुढे व्हा. गल्ली नीट सोडवायची तर वेळ लागतो. वरचा मजला आधी, मग खालचा, सूचनांच्या पुस्तिकेतल्या पानांप्रमाणे पिशव्या. दोन-तीन महिने धरा." हे खोटं नव्हतं, नीट सोडवायला तेवढे लागतातच. सोडवणार आहे की नाही, हे मी सांगितलं नाही. खरं म्हणजे त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हतं. ट्रकाची तारीख पक्की होती, त्याने मान हलवली. एकेचाळीस नग गेले. वही तो स्वतःच्या पिशवीत घेऊन गेला. निघताना दारात त्याने मला दोनदा विचारलं, गॅस बंद करायचं लक्षात राहील ना. पस्तीस वर्षं गॅस मीच बंद करतेय.

पहिल्या दिवशी मी एक कप चहा केला आणि टेबलापाशी बसले. बेकरीचं छप्पर उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रविवारी बैठक बसली, संगणकवाल्यांनी नव्या इमारतीवरून भांडण उकरून काढलं, मी त्यात हिरिरीने भाग घेतला. सोमवारी नवऱ्याचा फोन. "किती झालं?" "चाललंय," मी म्हटलं. रोज संध्याकाळी तो फोन यायचा आणि रोज चालत असायचं. मंडळातल्या बायका विचारायला लागल्या, "अय्या, तुम्ही अजून इथेच?" लेकीने फोनवर मला समजावलं. बाबांना एकट्याने जमत नाही गं आई, त्यांनी काल दोन वेळा खिचडीच खाल्ली. म्हटलं, खिचडी चांगली असते. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. त्याच्या खिचडीत मीठ जास्त झालं असणार हे मला बसल्या जागी कळत होतं. जावंसं वाटलं. मग समोर बघितलं, अकरा इमारती, त्यातली प्रत्येक मी माझ्या हाताने उभी केलेली, आणि नाही गेले.

तीन महिने झाले तेव्हा तो म्हणाला, "मी ट्रान्सपोर्टवाल्याशी बोललोय. तुझ्या पिशव्या किती होतील, आकडा सांग."

आता खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

"शून्य," मी म्हटलं. "एकही वीट काढलेली नाही. काढणारही नाही. घर माझ्या नावावर घेतलंय, भाडं मी भरतेय."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला.

"म्हणजे तू येणार नाहीस?"

"तुम्ही या की. गादी आहे. पलंग तुम्ही नेलात."

"असं कसं येऊ? इथे सगळं सामान लावलंय." मग आवाज एकदम खाली आला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "अगं, मी इथे कोणाला ओळखतसुद्धा नाही. तू नाहीस, काम नाही. मी करू काय इथे?"

"शेजारची बेल वाजवा," मी म्हटलं. "दूध कोण घालतं ते विचारा. मी सातही गावांत तिथूनच सुरुवात केली होती."